सान दोनिनोच्या भिंतीत

आईने पाण्याची तिसरी बाटली पुढे केली तेव्हा नीवेसला हसूच आलं. सायकलवर दोन बाटल्यांची जागा असते, तिसरी कुठे ठेवणार, हे आईला इतक्या वर्षांत ठाऊक झालेलं होतं. तरी ती काठी टेकत स्वयंपाकघरातून जिन्याच्या तोंडापर्यंत आली होती, आणि बाटली भरताना तिच्या बाहीचं टोक भिजलं होतं. "त्या बाजूला पाणी मिळत नाही," आई म्हणाली. "कुठल्या बाजूला?" नीवेस बुटाचा पट्टा आवळत होती. "काल लोरिसला सांगत होतीस ना. कालव्याच्या कडेने, सान दोनिनोवरून." "अगं आई, प्रत्येक गावाबाहेर दफनभूमी असते आणि तिथे फुलांसाठी नळ असतो. सगळे सायकलवाले तिथेच पाणी भरतात. तुला काय आज कळतंय का हे?" "मेलेल्यांचं पाणी पिऊ नये," आई म्हणाली, आणि तिच्या हातातली बाटली सुटली, एकेका पायरीवर आपटत खालच्या दारापर्यंत गेली. खाली लोरिस, नीवेसचा नवरा, दोन्ही सायकली धरून उभा होता. "सासूबाई, चेंडू टाकताय की काय?" तो ओरडला. आई हसली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, हातात धरलेली वस्तू कधी पडू न देणारी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि क्षणभर नीवेसला वाटलं की आईला भीती वाटते आहे. कशाची, ते कळेना. म्हातारपणाची असेल, असं तिने ठरवून टाकलं. ती बाटली त्यांनी टपालपेटीवर ठेवली आणि तिथेच विसरले.

फेर्रारा शहरातून बाहेर पडायला सायकलला पाव तास पुरतो. रविवार सकाळ होती, मे महिन्याचे शेवटचे दिवस, आणि तटाच्या बाहेर येताच पॉपलरच्या झाडांचा कापूस उडायला लागला. दरवर्षी उडतो, दरवर्षी शिंका येतात. नीवेस मधे, पुढे लोरिस, मागे रेमो. रेमो हा लोरिसचा बालमित्र, चाळीस वर्षं केस कापून निवृत्त झालेला, आणि तोंड मात्र निवृत्त व्हायला तयार नाही असा. रस्ता नीवेसने आखला होता. नेहमी ते समुद्राच्या बाजूला जात, पण तिकडचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून तिने नकाशावर हा दुसरा रस्ता काढला, कालव्यांच्या मधून जाणारा, सरळ आणि सपाट आणि जरा कंटाळवाणा. चौतीस वर्षं तिने नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या होत्या. नकाशा असो की नोंदवही, रेघ सरळ आली की तिला बरं वाटे. आईची बाटली मात्र डोक्यातून जाईना. आईचं बोलणं तसंही दीड वर्षापासून कमी झालं होतं. गेल्याच्या गेल्या जानेवारीत ती बर्फावर सायकलसकट पडली, मनगट मोडलं, आणि मग नीवेसने तिला न विचारता तिची सायकल चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने सायकल चालवू नये, डॉक्टरही तेच म्हणाले. आईने आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "गुरुवारच्या जपमाळेच्या प्रार्थनेला मी आता जाणार नाही." "अगं, चर्च तर कोपऱ्यावर आहे, चालत जाशील." "नाही जाणार," आई म्हणाली. नीवेसने तो हट्ट समजून सोडून दिला होता. माणसं म्हातारी झाली की एकेक गोष्ट सोडत जातात, तिने ऑफिसात कितीतरी जणांचं पाहिलं होतं, आणि त्यात दुःख करण्यासारखं काही आहे असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

सान दोनिनोच्या अलीकडे लोरिसचं चाक पंक्चर झालं. ते काढण्यात, रेमोच्या थट्टेत आणि उन्हात अर्धा तास गेला आणि पाणी संपलं. गावाबाहेर सुरूची काळपट झाडं उभी दिसली की तिथे दफनभूमी, हे सायकलवाल्याला सांगावं लागत नाही. फाटक उघडंच होतं. आत खडीवर एक म्हातारी, हिरव्या प्लास्टिकची झारी घेऊन, नळाजवळच्या बाकावर बसली होती. अंगावर फुलाफुलांचा घरगुती झगा, पायात पुरुषी बूट.

"या, या," ती म्हणाली. "मेलेल्यांच्या फुलांचं पाणी प्या आणि पिंढऱ्या फुगवा."

"आजी, आम्ही पण अर्धे मेलेलेच," रेमो म्हणाला. "आम्हाला थोडं चालतं."

"अर्धे कशाला? पुरते मरा आणि रांगेत या. वरच्या ओळीत जागा आहे."

"वरच्या ओळीत नको, मला शिडीची चक्कर येते."

म्हातारी तोंडावर हात ठेवून हसली. रेमोने डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि लोरिसला हवा भरायला मदत करायला बाहेर गेला. नीवेस मागे राहिली, सगळ्यांच्या बाटल्या भरायला. नळाची धार बारीक होती. एक बाटली भरायला बराच वेळ लागत होता, आणि उभ्या उभ्या माणूस जसं कुठेतरी बघतं तशी ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीत कपाटाच्या खणांसारख्या ओळी, प्रत्येक खणात एक माणूस, तोंडाशी संगमरवराची पाटी, पाटीवर नाव, तारखा, चिनीमातीच्या गोल तबकडीवर फोटो, आणि एक छोटा दिवा. खालून दुसऱ्या ओळीत एक रुंद पाटी होती, दोघांसाठीची. डावीकडे एक पुरुष, रुंद कपाळाचा, मानेत रुमाल. उजवीकडे आई.

तिने आधी तारीख वाचली. हे नंतर तिला स्वतःचंच विचित्र वाटलं, पण त्या वेळी तिने तेच केलं, चौतीस वर्षांच्या सवयीने. दिर्चे तास्सिनारी. खाली जन्माची तारीख, मार्च महिना, सात, वर्ष. सगळं बरोबर. तारखेपुढे एक छोटी आडवी रेघ आणि रेघेपुढे काही नाही, नुसता घासून गुळगुळीत केलेला दगड, आणि त्या दगडात नीवेसच्या डोक्यावरचं हेल्मेट लाल ठिपक्यासारखं दिसत होतं. बाटली भरून वाहायला लागली होती, पाणी तिच्या मोज्यांत शिरत होतं, हे तिला कळत होतं आणि नळ बंद करायचा असतो हे आठवत नव्हतं. जिवंत माणसाचं नाव कोरलेलं असतं, त्यात काही नवल नव्हतं. नवरा गेला की बायकोचं नाव, तिचा फोटो, जन्मतारीख शेजारी लावून ठेवतात. रिकामी जागा पुढे भरली जाते. शहरातल्या दफनभूमीत अशा शेकडो पाट्या होत्या. पण बाबा तिकडे शहरात होते. अकरा वर्षांपूर्वी बाबा, साखर कारखान्यातले प्रीमो, गेले तेव्हा गवंड्याने विचारलं होतं, बाईंचं नाव पण आताच कोरून टाकू का? आणि आई म्हणाली होती, "अजून जिवंत आहे मी. माझा फोटो कशाला लावता?" नीवेसला तेव्हा आईचा अभिमान वाटला होता. ही गोष्ट तिने ऑफिसात सांगितली होती, मैत्रिणींना सांगितली होती: आमची आई बघा, मरणाला दारात उभं करत नाही. बाबांच्या पाटीचा उजवा अर्धा भाग अकरा वर्षं कोरा होता.

फोटोत आई हसत होती, दात दिसतील इतकं. नीवेसने आईचे दात हसताना कधी पाहिले नव्हते. आई तोंड मिटून हसे, किंवा रुमाल लावून. निळा झगा, पांढरी कॉलर, वारा असावा, कारण केस एका बाजूला. वय असेल तीस. आणि तबकडीच्या अगदी कडेला, जिथे फोटो गोल कापला होता तिथे, झग्याला धरलेली कुणाची तरी बोटं होती. तीन बोटं, लहान मुलाची. नीवेसने हातातली बाटली खाली ठेवली. ती बोटं कुणाची ते तिला माहीत होतं.

"आलीस शेवटी," मागून म्हातारी म्हणाली.

नीवेस वळली. म्हातारीने चष्मा काढून झग्याला पुसला आणि परत लावला.

"मघा हेल्मेटमुळे ओळखलं नाही. पण नाक तेच. दिर्चेचंच. तू नीवेस ना? मी ओलिंदा. आदेल्मोची बहीण."

"तुमची काहीतरी चूक होतेय," नीवेस म्हणाली, आणि आपलं बोलणं किती मूर्खपणाचं आहे ते तिलाच ऐकू आलं. समोर दगडात नाव कोरलेलं होतं.

"चूक? शहाऐंशी वर्षांची आहे मी, पण डोकं शाबूत आहे. सायकलवाल्यांचे कपडे घालून आलीस म्हणून काय झालं? फुलं नाही आणलीस?" मग तिने नीवेसच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि झारी खाली ठेवली. "अगं देवा. तुला तिने सांगितलंच नाहीये."

तिने नीवेसला दंडाला धरून बाकावर बसवलं. खरं तर पुढचं सगळं ओलिंदा सांगत होती आणि नीवेस ऐकत होती, पण शब्द तिच्यापर्यंत वेगवेगळे येत होते, क्रम सोडून, आणि तिला ते एकमेकांपुढे लावून घ्यावे लागत होते. आदेल्मो कालव्यावरच्या पंपघरात होता. पावसाचं पाणी उपसून नदीत टाकायचं, हे त्याचं काम, जन्मभर. आई शिवणकाम करायची, गुरुवारी तयार कपडे पोचवायला बाहेर पडायची, एकदा इथल्या पाद्र्याचा झगा पोचवायला आली होती. लग्न झालेलं होतं तिचं, सहा वर्षांची मुलगी होती. आदेल्मोने कधी लग्न केलं नाही. मग दर गुरुवार. बावीस किलोमीटर यायचे, बावीस जायचे. शेवटी शेवटी बसने, पण बसस्टँडपर्यंत सायकलच. तो सहा वर्षांपूर्वी गेला, छातीच्या दुखण्याने. तरी ती येतच राहिली, या बाकावर बसायची.

"दीड वर्ष झालं, आली नाही. मी दर गुरुवारी अर्धा तास वाट बघते. गेली असती तर पेपरात आलं असतं, म्हटलं. आजारी आहे का?"

"पडली होती," नीवेस म्हणाली. "तिची सायकल... तिला मी जाऊ देत नाही."

"हं," ओलिंदा म्हणाली. त्या हं मध्ये दोष होता की नव्हता, ते नीवेसला सांगता आलं नसतं.

"हे तुमच्या भावाने कोरलं? तिला न विचारता?"

"तो कसा कोरेल, तो आत होता," ओलिंदाने हनुवटीने भिंत दाखवली. "जागा त्याने घेऊन ठेवली होती, दोघांची. फोटो तिने आणला, स्वतः, पर्समधून. गवंड्याने विचारलं, बाईंचं नाव आता कोरू की पुढे? मी पण म्हटलं, राहू दे गं, अपशकुन असतो. ती म्हणाली, आताच कोर. पुढे मला कोण विचारणार?"

बाहेरून रेमोची हाक आली: "नीवेस! पाणी भरतेयस की विहीर खणतेयस?"

"मला एवढंच सांगायचंय," ओलिंदा घाईने म्हणाली आणि तिने नीवेसचा हात धरला. तिची बोटं ओली आणि खरखरीत होती. "पुढे तिचा शब्द चालणार नाही. तुझा चालेल. मी काही फार दिवस नाही. तू तिला शहरात ठेवलीस तर ठेव, तुझा हक्क आहे. पण मग हे नाव इथे असंच राहील. रेघ मारलेली आणि पुढे काही नाही. येणारे जाणारे बघतील आणि म्हणतील, ही बाई मेलीच नाही की काय."

"माझे बाबा," नीवेस म्हणाली. "त्यांना माहीत होतं?"

ओलिंदाने झारी उचलून परत खाली ठेवली. "मला काय ठाऊक. एकदा आले होते. खूप वर्षं झाली. मी पंपघरावर कपडे वाळत घालत होते. फाटकाबाहेर एक माणूस सायकल धरून उभा. म्हणाला, पाणी मिळेल का? मी पेला दिला. आत, खिडकीत, तुझी आई आदेल्मोच्या शर्टाला बटण लावत बसली होती, पाठ इकडे करून. त्याने तिकडे पाहिलं. पाणी सगळं प्यायला. पेला विसळून दिला मला परत, तसा कोण देतं? आणि गेला. मग दहा वर्षांनी तिच्याकडे तिच्या नवऱ्याचा फोटो पाहिला तेव्हा मला कळलं. मी तिला कधी सांगितलं नाही. आदेल्मोला पण नाही."

पुढचे वीस किलोमीटर नीवेसला आठवत नाहीत. म्हणजे पाय फिरत होते, लोरिसचं चाक पुढे होतं, त्याच्या चाकापासून एक वीत अंतर तिने राखलं होतं, कारण शरीराला ते येतं. पेल्याचं तिला राहून राहून समोर दिसत होतं. बाबा घरात पेला विसळत नसत. जेवल्यावर ताट तिथेच सोडून उठत, आई पुटपुटे. कारखान्यातून आल्यावर साखरेचा आंबूस वास येणारे बाबा, कमी बोलणारे, रेडिओवर सायकलच्या शर्यती ऐकणारे; त्यांनी एका अनोळखी बाईचा पेला विसळून दिला होता, आणि घरी येऊन काय केलं होतं? कुठला गुरुवार होता तो? नीवेस शाळेत असेल. संध्याकाळी सगळे जेवले असतील. आईने वाढलं असेल. बाबांनी मीठ मागितलं असेल. आणि ती स्वतः, त्या टेबलाशी, पाय हलवत बसलेली, पाढे म्हणत. मुलाला आपल्या घराबद्दल काय माहीत असतं? पण मग तिला ती बोटं आठवली, आणि तिथे मात्र तिला पळता येईना, कारण तिला माहीत होतं. एक घर होतं, ज्याच्या पोटात मोठं यंत्र धडधडे आणि जमीन तळव्यांना गुदगुल्या करी. बादलीत वाम मासे होते, काळे, एकमेकांत गुंतलेले, आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या एका काकाने तिला उचलून ते दाखवले होते. त्याने कॅमेरा कुंपणावर ठेवला, बटण दाबून पळत आला आणि ओरडला, हलू नका! तीच नेमकी हलली असणार, म्हणून तिने आईचा झगा धरला. परत येताना, सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसलेली ती, आणि तिच्या कानाशी आईचं तोंड: "चिखलात खेळलीस ते बाबांना सांगायचं नाही हं." तिने सांगितलं नव्हतं. चौपन्न वर्षं तिने ते इतकं नीट पाळलं होतं की स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मग तिने वयाचा हिशेब केला, जो कुणीही केला असता, आणि लाज वाटली. तो जुळत नव्हता. फोटोच्या वेळी ती सात वर्षांची होती, आणि आई त्या गावात पहिल्यांदा गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नाक आईचं, हनुवटी बाबांची, तिचं सगळं जागच्या जागी होतं. तेवढाच काय तो आधार, आणि तो फारसा उपयोगाचा नव्हता.

जेवायला ते बंधाऱ्याखालच्या खाणावळीत थांबले. नेहमीचे भोपळ्याचं सारण भरलेले पास्त्याचे मोदक, लोण्यात परतलेले. नीवेसने एक तोंडात घातला आणि तो तोंडातच राहिला.

"हिने दफनभूमीत भूत पाहिलं," रेमो म्हणाला. "मी सांगतो, त्या म्हातारीने हिला वरच्या ओळीतली जागा विकली."

"ऊन लागलं असेल," लोरिस म्हणाला. "नीवे, पाणी पी. कपाळ बघू."

"मी ठीक आहे."

"ठीक असलेली माणसं ताटातलं मोजत बसत नाहीत," रेमो म्हणाला. "लोरिस, बायको बदलून घे, हिची वॉरंटी संपली."

लोरिस हसला आणि तिच्या ताटातले तीन मोदक आपल्या ताटात घेतले, एक परत ठेवला, जसं तो नेहमी करी. अडतीस वर्षं. नीवेस त्याच्या हातांकडे बघत राहिली, मनगटावरचं ग्रीस, लग्नाची अंगठी सुजेमुळे आता न निघणारी, आणि तिला वाटलं, याच्या शनिवारच्या दुपारी कुठे जातात ते मला माहीत आहे का? पत्ते खेळायला जातो. जातो म्हणतो. आणि मी? मी काय करते ते याला माहीत आहे? माझं तर लपवण्यासारखं काहीच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार तिला बरं वाटण्यासारखा असायला हवा होता, पण तसं झालं नाही. त्यात कसलीशी चुटपुट होती, जवळजवळ हेव्यासारखी, आणि तिने ती घाईघाईने गिळून टाकली, मोदकाबरोबर.

परतीच्या वाटेवर वारा समोरून आला. बंधाऱ्यावर आडोसा नसतो. एका बाजूला पो नदी, रुंद आणि मातकट, दुसऱ्या बाजूला नाशपातीच्या बागा. लोरिस म्हणाला, माझ्यामागे ये, वारा कापतो मी. ती त्याला ओलांडून पुढे गेली. रेमो मागून ओरडला, "अरे, हिला खरंच काहीतरी चावलंय!" ती उभी राहून पाय मारत होती. तिला राग आला होता, आणि राग होता म्हणून बरं होतं. धक्क्याला हात पाय नसतात, रागाला असतात. ती मनातल्या मनात बोलत होती. म्हणत होती, मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांना फुलं नेते, तू काठी घेऊन बरोबर येतेस, हात जोडतेस, आणि घरी येऊन सूप करतेस. म्हणत होती, ऑफिसात माझ्यासमोर किती बायका बसायच्या, नवऱ्याच्या मृत्यूची नोंद करायला, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखायचे, ही रडणार, ही नाही. आणि माझ्याच घरात? म्हणत होती, माझा शब्द चालणार ना, मग मी बघते. त्या पाटीवर रेघ राहील आणि पुढे काही नाही. तू बाबांच्या शेजारी जाशील. त्यांनी पेला विसळून दिला होता. आणि असं बोलत असतानाच, वारा तोंडावर घेत, मांड्या जळत असताना, तिच्या लक्षात आलं की हा तोच वारा आहे. संध्याकाळी नदीकडून शहराकडे जाताना तो समोरून येतो, चाळीस वर्षं समोरूनच येत असणार. शिवणकाम करणारी एक बाई, साध्या जड सायकलवर, झगा चाकात जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेली. ते चिमटे गुरुवारी सकाळी नीवेसच आणून देई, हौसेने, आणि संध्याकाळी आई लाल गालांनी दारात यायची आणि नीवेसचा हात धरून म्हणायची, "थांब, आधी स्वयंपाक." आमची आई म्हणजे लोखंड आहे, नीवेस शाळेत सांगायची. सायकलचं वेड मला आईकडून आलं, असं ती अजूनही सांगते. ती कुठे थांबत असेल? कुठल्या झाडाखाली गाल थंड होऊ देत असेल? नीवेसचा वेग कमी झाला. लोरिसने तिला गाठलं आणि काही न बोलता पुढे जाऊन वारा अडवला, आणि या वेळी तिने अडवू दिला.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. लोरिस खाली अंगणात नळीने सायकली धूत बसला. ती जिना चढून वर आली, पायातल्या बुटांचा आवाज फरशीवर टकटक करत. आई स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत होती. समोर भांडं, मांडीवर वर्तमानपत्र, खिडकीतलं ऊन तिच्या हातांपर्यंत आलेलं.

"वारा होता ना?" आई म्हणाली, मान वर न करता.

"होता."

"पाणी कुठे भरलंत?"

"सान दोनिनोला."

मटार भांड्यात पडत होते ते थांबले. आईचा अंगठा शेंगेच्या फटीत तसाच राहिला. नीवेसने दिवसभर या क्षणाची तयारी केली होती. आई नाकारेल, रडेल, कोण म्हणतं असं म्हणेल, छातीवर हात ठेवेल. आईने अंगठा बाहेर काढला आणि विचारलं, "ओलिंदाचा गुडघा कसा आहे?"

हे इतकं साधेपणाने आलं की नीवेसला खुर्चीची पाठ धरावी लागली. "आई," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला होता. "आई, बाबांचं काय?"

"बाबांचं काय?"

"ते तिकडे एकटे आहेत! अर्धा दगड कोरा आहे. तू म्हणालीस, अजून जिवंत आहे मी. मी सगळ्यांना सांगत सुटले. तो कोरा भाग मी दर महिन्याला हाताने पुसते, आई, आणि तू शेजारी उभी असतेस!"

"हळू बोल. लोरिस ऐकेल."

"ऐकू दे."

आईने वर पाहिलं. सकाळी तिच्या डोळ्यांत होती ती भीती नीवेसची नव्हती, हे नीवेसला आता दिसलं. ज्याची होती ते होऊन गेलं होतं आणि आता आई जवळजवळ मोकळी दिसत होती. "तुझ्या बाबांच्या शेजारी मी एकावन्न वर्षं झोपले," आई म्हणाली. "एक रात्र चुकवली नाही, तू जन्मलीस तेवढ्या दोन सोडून. ते आजारी होते तेव्हा मी खुर्चीत झोपले, पण त्याच खोलीत. चांगला माणूस होता. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही." ती थांबली. शेंगेचं साल तिने उगाच दुमडलं. "आदेल्मोकडे एकही रात्र नाही. दुपार असायची. चार वाजले की मी घड्याळाकडे बघायला लागायचे, आणि तो म्हणायचा, बघू नकोस."

खाली नळीचं पाणी बंद झालं. लोरिस रेमोशी काहीतरी बोलून हसत होता.

"मी तुझ्याकडे काही मागत नाही," आई म्हणाली. "तेव्हा मी नसेन. तुला जमेल तसं कर."

नीवेसच्या जिभेवर वाक्य तयार होतं. बाबा तिथे आले होते. फाटकाशी उभे राहून त्यांनी तुला खिडकीत पाहिलं, तू बटण लावत होतीस. एवढं म्हटलं असतं की पुरलं असतं. ही समोर बसलेली म्हातारी, तिच्या सगळ्या गुरुवारांसकट, त्या एका वाक्याने कायमची मोडली असती, आणि तो अधिकार नीवेसचा होता, किंवा बाबांचा तरी होता आणि ती त्यांची मुलगी होती. तिने तोंड उघडलं. आई वाट बघत होती, हात वर्तमानपत्रावर पालथे ठेवून, आणि त्या हातांना शेंगांचा हिरवा डाग पडला होता. पेला विसळून देणाऱ्या माणसाने घरी येऊन हे वाक्य उच्चारलं नव्हतं. वर्षानुवर्षं, रोज रात्री, त्याच खोलीत. नीवेसने तोंड मिटलं.

"दीड वर्ष झालं," आई म्हणाली. आता ती नीवेसकडे नाही, खिडकीकडे बघत होती, आणि तिचा आवाज एकदम खाली आला, संकोचल्यासारखा, शेजारणीकडे वाटीभर काही मागावं तसा. "तिथे माळावरची धूळ फार येते. फोटोवर बसली असेल. पुसलास का गं?"

नीवेस तिथे पाच मिनिटं उभी होती, की दहा, आणि तिने त्या दगडाला हात लावला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "दोन्ही फोटो पुसले."

आईने मान हलवली. मग बऱ्याच वेळाने मटार पुन्हा भांड्यात पडायला लागले, आधी एकेक, मग नेहमीसारखे. नीवेस खुर्चीची पाठ धरून उभीच होती, आणि आपण आत्ता त्या रेघेपुढच्या रिकाम्या जागेबद्दल काय कबूल केलं ते तिला हळूहळू, पायांकडून वर येत असल्यासारखं, कळत होतं.